उपासमार मनात उतरते तेव्हा

माझ्या धाकट्या बहिणीला ॲनोरेक्सिया, म्हणजे खाणं तुटत जाऊन शरीर खंगवणारा आजार, होता त्या काळात घरी येणाऱ्या प्रत्येकाकडे एकेक कारण तयार असायचं. कुणाला ते फोनवरच्या फोटोंमध्ये दिसायचं, कुणाला अभ्यासाच्या ताणात, कुणाला सरळ तिच्या हट्टात. एका समुपदेशकांनी तर पहिल्याच भेटीत आईकडे वळून विचारलं, "लहानपणी हिच्या खाण्यापिण्यावर तुम्ही फार लक्ष ठेवायचात का?" आई तेव्हा काहीच बोलली नाही. पण पुढे कित्येक महिने ती जुने प्रसंग उकरून काढत राहिली. तेव्हा मी असं बोलले होते, तेव्हा मी तसं केलं होतं, त्यानं तर झालं नसेल ना गं? त्या प्रश्नापायी मी या आजारावरचं संशोधन वाचायला लागले. आज आणखी कुठल्या तरी घरात कुणाची तरी आई हेच विचारत असणार. तिच्यासाठी लिहितेय.

सुरुवात अमेरिकेतल्या मिनेसोटापासून करायला हवी. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. युरोपात असंख्य माणसं उपाशी होती आणि त्यांना पुन्हा खातंपितं कसं करायचं याची नीट शास्त्रीय माहिती कुणाकडेच नव्हती. म्हणून नोव्हेंबर १९४४ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञानं ३६ तरुणांवर एक प्रयोग सुरू केला. युद्धात शस्त्र उचलायला तत्त्व म्हणून नकार दिलेले हे तरुण स्वतःहून पुढे आले होते, आणि शरीरानं, मनानं ठणठणीत आहेत अशी खात्री करूनच त्यांना निवडलं होतं. आधी तीन महिने पोटभर जेवण. मग २४ आठवडे त्याच्या साधारण निम्मं: बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी. शिवाय दर आठवड्याला ३५ किलोमीटर चालणं. त्यानंतर खाणं पुन्हा टप्प्याटप्प्यानं वाढवायचं, असा बेत होता.

वजन उतरणार हे उघडच होतं. पण त्यांच्या मनाचं जे झालं ते वाचताना अंगावर काटा येतो. हसतीखेळती पोरं चिडचिडी, घुमी झाली. थट्टामस्करी थांबली, मुलींमधला रस संपला, राजकारणावरचे वाद बंद पडले. बोलणं फिरून फिरून अन्नावर यायचं. काही जण पाककृतींची पुस्तकं जमवून अंथरुणात पडल्यापडल्या वाचायचे. दहा मिनिटांचं जेवण तासतासभर पुरवायचे, ताटातलं एकमेकांत कालवायचे, शेवटी ताट चाटायचे. च्युइंगम आणि कॉफीचं प्रमाण इतकं वाढलं की त्यावर बंधन घालावं लागलं. ऐन उन्हाळ्यात त्यांना थंडी वाजायची, नाडी मंद झाली होती. एकानं कुऱ्हाडीनं स्वतःची तीन बोटं तोडली, आणि ते मुद्दाम केलं की चुकून झालं हे त्याला स्वतःलाही नंतर नीट सांगता आलं नाही. पुन्हा खायला मिळाल्यावरही सगळं लगेच रुळावर आलं नाही. पोट तडस लागेपर्यंत भरलं तरी भूक भागल्याची जाणीव कित्येकांना होत नव्हती. हा सगळा वृत्तांत १९५० मध्ये दोन जाडजूड खंडांत छापून आला.

हे वाचताना मी मध्येच थांबले होते. माझी बहीण त्या दिवसांत स्वयंपाकघर सोडायची नाही. सगळ्यांसाठी करायची, आग्रहानं वाढायची, आम्ही संपवतोय की नाही यावर डोळा ठेवून असायची. स्वतःच्या ताटातल्या एका तुकड्याचे आधी दोन करायची, मग चार, मग आठ. ते ताटाच्या कडेला ओळीनं लावायची, आणि एकेक उचलताना मधे पाण्याचा घोट. रात्री झोपताना फोनवर पाककृतींचे व्हिडिओ. 'खायचं नाही तर बघतेस तरी कशाला?' असं आम्ही म्हणायचो, आणि ती काहीही न बोलता कूस बदलायची.

त्या ३६ जणांपैकी कुणालाही बारीक व्हायचं नव्हतं. कुणाच्या आईनं लहानपणी काही चुकीचं केलं म्हणून ते पाककृती वाचत नव्हते. पुरेसं अन्न मिळालं नाही की मन असं वागायला लागतं. आम्ही जिला तिचा बदललेला स्वभाव समजत होतो, ती एकलकोंडी वृत्ती, ती शिस्त, ते छोट्याशा बदलानं उडणारे खटके, त्यातलं बरंचसं उपासमारीचं होतं. उपचारांच्या दृष्टीनं याला फार महत्त्व आहे. उपाशी मेंदूशी तासन्‌तास बोलून त्याला पटवता येत नाही. अन्न हा या आजारातला पहिला उपचार आहे, आणि 'मनाची तयारी झाली की खाईल' म्हणून वाट बघण्यात मोलाचे महिने जातात.

पण मिनेसोटानं सगळं उलगडत नाही. ते तरुण भुकेनं तळमळत होते, प्रयोग संपायचे दिवस मोजत होते. ॲनोरेक्सिया झालेल्या कित्येकांना मात्र न खाल्ल्यावर सुटल्यासारखं वाटतं. माझी बहीण एकदा म्हणाली होती, "ताई, घास पोटात गेला की डोक्यात कलकल सुरू होते. नाही खाल्लं की शांत." वॉल्टर के आणि त्यांच्यासारखे संशोधक अनेक वर्षं याच मुद्द्यावर काम करत आले आहेत. ही मुलं आजारी पडण्याच्या कितीतरी आधीपासून, अगदी लहानपणापासून, चिंताळू आणि काटेकोर असतात, असं पुन्हा पुन्हा दिसलं आहे. डाएट तर जगात असंख्य लोक करतात आणि बहुतेक सगळे कंटाळून सोडून देतात. ज्या थोड्यांना उपाशी राहिल्यानं चिंता हलकी झाल्यासारखी वाटते, त्यांच्यासाठी तो सापळा ठरतो. भूक जाते हा समजही खरा नाही. चरबी घटली की कमी होणारं लेप्टिन हे संप्रेरक १९९४ मध्ये सापडलं, भूक चेतवणारं घ्रेलिन १९९९ मध्ये. ॲनोरेक्सियात लेप्टिन तळाला गेलेलं आणि घ्रेलिन चढलेलं आढळतं. शरीर अन्न मागतच असतं.

उंदरांवरचा एक प्रयोग मला कधीच विसरता येणार नाही. १९६७ मध्ये तो मांडला गेला आणि नंतर अनेकांनी करून पाहिला. उंदरांना दिवसातून थोडाच वेळ खायला दिलं तर ते तेवढ्या वेळात जास्त खायला शिकतात आणि तग धरतात. पण त्याच पिंजऱ्यात पळण्याचं चाक ठेवलं की चित्र पालटतं. उंदीर पळायला लागतात, रोज आदल्या दिवसापेक्षा जास्त. मग समोर आलेलं अन्नही पुरतं खात नाहीत. वेळेवर बाहेर काढलं नाही तर पळून पळून मरतात. पुढे २००० च्या सुमारास दिसलं की अशा उंदरांना बाहेरून लेप्टिन दिलं की ही धावाधाव बरीच शमते. दुष्काळात जागा सोडून अन्नाच्या शोधात दूर जाण्याची जी जुनी प्रेरणा प्राण्यांमध्ये असते, तीच इथे उलटत असावी असा काहींचा तर्क आहे. तो सिद्ध झालेला नाही. पण उंदरानं कुठली जाहिरात पाहिलेली नसते आणि त्याला कुठल्या मापाचे कपडे घालायचे नसतात, एवढं तर नक्की. मध्यरात्री खोलीत येरझाऱ्या घालणाऱ्या मुलीला 'एका जागी बस' म्हणून ओरडण्याआधी हा प्रयोग ठाऊक असायला हवा.

आनुवंशिकतेचं काम त्याहून अलीकडचं. जुळ्यांच्या अभ्यासांतून ॲनोरेक्सियाच्या जोखमीत साधारण निम्मा किंवा त्याहून जास्त वाटा आनुवंशिक असल्याचं आधीच कळलं होतं. २०१९ मध्ये १६,९९२ रुग्ण आणि आजार नसलेल्या ५५,५२५ व्यक्तींच्या जनुकसंचाची तुलना प्रसिद्ध झाली. त्यात आजाराशी जोडलेल्या आठ जागा सापडल्या. मंत्रचळ (ओसीडी), नैराश्य आणि चिंतेच्या विकारांशी या आजाराची जनुकीय वीण जुळते हे अपेक्षितच होतं. अनपेक्षित होतं ते असं की साखर, चरबी आणि एकूण चयापचय यांच्याशी संबंधित घटकांशीही ती जुळली. या अभ्यासातल्या सिंथिया ब्यूलिक आणि त्यांचे सहकारी म्हणूनच आता सांगतात की हा आजार मनाचा आहे तसाच चयापचयाचाही मानायला हवा. वजन वाढवून घरी पाठवलेल्या रुग्णाचं शरीर पुन्हा पुन्हा खाली का ओढलं जातं, याचं उत्तर कदाचित इथे सापडेल. या आठ जागांचा प्रत्येकी परिणाम अगदी बारीक आहे, त्यावरून कुणाचं भविष्य सांगता येत नाही, हेही लगेच सांगायला हवं. केली क्लम्प यांच्या जुळ्या मुलींवरच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: वयात येण्याआधी खाण्यातल्या बिघाडावर जनुकांचा प्रभाव जवळजवळ दिसतच नाही, वयात आल्यावर तो निम्म्यापर्यंत जातो. इतकी वर्षं नीट जेवणारी मुलगी तेराव्या-चौदाव्या वर्षी अचानक अशी कशी झाली, याचा थोडा उलगडा त्यातून होतो.

हे सगळं मी आईला मोठ्या उत्साहानं समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे रक्तातून माझ्याकडूनच गेलं की." मला काय बोलावं सुचेना. दोष देण्याची सवय आपल्यात किती खोलवर रुजलीय, हे मला तेव्हा उमगलं.

त्या सवयीला मोठा इतिहास आहे. लंडनचे विल्यम गल यांनी १८७४ मध्ये या आजाराला आजचं नाव दिलं, आणि त्याच निबंधात सांगून टाकलं की अशा रुग्णांची शुश्रूषा करायला नातेवाईकांइतकं वाईट कुणी नाही. पुढची शंभर वर्षं बहुतेक डॉक्टरांनी हा सल्ला निमूटपणे पाळला. मुलीला घरापासून तोडायचं, आईबापांना भेटू द्यायचं नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तर कुटुंबाची घडणच आजाराला जन्म देते अशी मांडणी जोरात होती. मग लंडनच्याच मॉडस्ली रुग्णालयातल्या जेराल्ड रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलटं करून पाहिलं. आईवडिलांना दोषी न ठरवता जेवणाची सूत्रं त्यांच्याच हाती दिली. १९८७ मध्ये त्यांचे निष्कर्ष आले: १९ वर्षांच्या आत सुरू झालेल्या आणि तीन वर्षांपेक्षा कमी काळ चाललेल्या ॲनोरेक्सियात कुटुंबाला सोबत घेऊन केलेले उपचार एकट्या रुग्णाच्या समुपदेशनापेक्षा सरस ठरले. आज किशोरवयीन मुलांसाठी याच वाटेनं जाणाऱ्या उपचारांना सगळ्यात भक्कम पुरावा आहे. आणि खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय अकादमीनं २०१० मध्ये निवेदन काढून, कुटुंब हे या आजाराचं मूळ कारण आहे ही मांडणी ठामपणे नाकारली.

आम्हाला पुढे ज्या डॉक्टर भेटल्या त्या याच पद्धतीनं काम करणाऱ्या होत्या. ऐकायला सोपं वाटतं, करताना माणूस पिळवटून निघतो. काय आणि किती वाढायचं ते आईबाबा ठरवणार. ताट संपेपर्यंत कुणीतरी शेजारी बसणार. कॅलरीवर चर्चा नाही, वजनावर वाद नाही, धमकी नाही, विनवणीही नाही. ती रडायची, ताट ढकलायची, आईला नको नको ते बोलायची. आई तेवढंच म्हणायची, "हे बोलणं आजाराचं आहे, मला माहितीये. पुढचा घास घे, मी इथेच आहे." समोरचं निवायचं, आई उठून पुन्हा गरम करून आणायची. शेवटी जमलं ते यानंच.

आता समाजाबद्दल, कारण त्याला सोडून चालणार नाही. फिजीतल्या नाद्रोगा भागात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी पोहोचली. ॲन बेकर या संशोधक तिथे आधीपासून काम करत होत्या. भरलेल्या अंगाला मान देणारा तो समाज. टीव्ही आला त्या सुमारास शाळकरी मुलींमध्ये खाण्याबद्दलच्या प्रश्नावलीत चिंताजनक गुण मिळवणाऱ्या १२.७ टक्के होत्या, १९९८ मध्ये २९.२ टक्के. वजनासाठी मुद्दाम उलटी काढणारी आधी एकही नव्हती, नंतर ११.३ टक्के झाल्या. तीन वर्षांत! पडद्यावरच्या शरीरांचा काही परिणाम होत नाही असं म्हणणाऱ्यांनी हे आकडे वाचावेत. मात्र दुसऱ्या बाजूला हाँगकाँगमध्ये सिंग ली यांनी असे रुग्ण नोंदवले ज्यांना जाड होण्याची भीती मुळीच नव्हती. पोट फुगतं, भूक नाही, एवढंच ते सांगायचे, आणि तितकेच खंगलेले असायचे. मला यातून असं वाटतं की बारीक असण्याचं वेड कितीतरी जणांना डाएटच्या उंबरठ्यावर आणून सोडतं, पण तिथून आत कोण ओढलं जाईल हे बरंचसं शरीर ठरवतं. दोन्ही गोष्टींवर एकाच वेळी बोलायला हवं. एकीचा आधार घेऊन दुसरी खोडून काढण्यात मला काही हशील वाटत नाही.

'आरशात बघ जरा' हे वाक्य तर बंदच व्हायला हवं. नेदरलँड्समध्ये २०१३ मध्ये झालेला एक प्रयोग त्यासाठी सांगते. सहभागी व्यक्तींना वेगवेगळ्या रुंदीच्या दारांमधून चालायला सांगितलं. मन गुंतून राहावं म्हणून एक वेगळंच काम दिलं होतं, शरीराचा विषयही काढला नव्हता. निरोगी स्त्रिया दार खांद्यांपेक्षा साधारण २५ टक्के रुंद असेपर्यंत खांदे तिरके करत होत्या. ॲनोरेक्सिया असलेल्या स्त्रिया खांद्यांपेक्षा ४० टक्के जास्त रुंद दारातूनही अंग चोरून जात होत्या. म्हणजे डोळ्यांना आणि मतांना पटवून भागत नाही. चालणाऱ्या शरीराला स्वतःचं माप मोठं वाटत असतं, आणि तसं वाटतंय हे त्या व्यक्तीच्या ध्यानातही येत नाही.

बुलिमिया (ताबा सुटून खाणं आणि मग उलटी वगैरे करून ते बाहेर काढणं) आणि बिंज ईटिंग (ताबा सुटून एका बैठकीत खूप खाणं) यांवर इथे थोडंच लिहितेय, महत्त्व कमी आहे म्हणून नव्हे, मी ते जवळून पाहिलेलं नाही म्हणून. बुलिमियाचं पहिलं नीट वर्णन १९७९ चं, त्याच जेराल्ड रसेल यांचं. बिंज ईटिंगला स्वतंत्र निदान म्हणून अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत २०१३ मध्ये जागा मिळाली. या दोन्हींत वजन बहुधा चारचौघांसारखं किंवा जास्त असतं, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही. १९७५ चा एक साधा प्रयोग इथे फार काही सांगून जातो. काही जणींना आधी मिल्कशेक दिला, मग चव सांगण्याच्या निमित्तानं आइस्क्रीम पुढे ठेवलं. डाएट न करणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. सतत डाएटवर असणाऱ्यांनी उलट जास्त खाल्लं. एकदा नियम मोडला की सगळाच बांध फुटतो. म्हणून बुलिमियाच्या उपचारात, ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी घडवलेल्या वर्तनोपचारातही, आधी दिवसभराचं खाणं नियमित केलं जातं. स्वतःला आणखी घट्ट आवळून असं खाणं थांबत नाही.

मुलगे आणि पुरुष तर कुठल्याच गणतीत नसतात. वास्तविक १६८९ मध्ये इंग्लिश डॉक्टर रिचर्ड मॉर्टन यांनी ॲनोरेक्सियाची जी दोन वर्णनं लिहून ठेवली त्यांतलं एक सोळा वर्षांच्या मुलाचं होतं. तरीही पाळी बंद होणं ही निदानाची अट २०१३ पर्यंत छापील राहिली. त्या अटीत मुलगा बसणार कसा?

आणि हा जीवघेणा आजार आहे. ३६ अभ्यास एकत्र करून २०११ मध्ये केलेल्या विश्लेषणात, ॲनोरेक्सियातला मृत्युदर त्याच वयाच्या इतरांच्या जवळपास सहापट निघाला. त्यातले पाचांत एक मृत्यू आत्महत्येचे. ॲनोरेक्सियासाठी खास मान्यता मिळालेलं एकही औषध आजवर नाही. एवढ्या गंभीर आजारावरच्या संशोधनाला पैसा तुटपुंजा मिळतो. 'नखरे' म्हणून ज्याची बोळवण होते त्याच्यासाठी पैसे कोण काढणार? मला याचा मनापासून संताप येतो.

दिलासा देणाऱ्या दोन गोष्टी मी जवळ बाळगून आहे. एक मेंदूची. २०२२ मध्ये जगभरातल्या जवळजवळ दोन हजार मेंदूप्रतिमा एकत्र तपासल्या गेल्या. ॲनोरेक्सिया ऐन भरात असताना मेंदूच्या वरच्या थरात झालेली झीज नैराश्यात किंवा मंत्रचळात दिसते त्याच्या दुपटीपासून चौपटीपर्यंत होती. पण वजन परत येऊ लागलेल्यांमध्ये ती बरीच कमी दिसली. झिजलेला मेंदू खाण्यानं बऱ्याच अंशी भरून येऊ शकतो, आणि जितक्या लवकर सुरुवात होईल तितकं बरं.

दुसरी गोष्ट बॉस्टनची. तिथल्या संशोधकांनी ॲनोरेक्सिया आणि बुलिमिया असलेल्या स्त्रियांचा दोन दशकांहून जास्त काळ पाठपुरावा केला आणि २०१७ मध्ये निष्कर्ष मांडले. नवव्या वर्षी ॲनोरेक्सियाच्या रुग्णांपैकी जेमतेम ३१ टक्के बऱ्या झालेल्या होत्या. बाविसाव्या वर्षी जवळपास ६३ टक्के. आजार जुनाट झालाय, आता फार अपेक्षा ठेवू नका, असं एखाद्या तिशीतल्या रुग्णाच्या घरच्यांना सांगितलं जातं तेव्हा हे आकडे त्यांच्या हाती असायला हवेत. नऊ वर्षांत ज्यांना बरं वाटलं नाही, त्यांतल्या जवळजवळ निम्म्या पुढच्या तेरा वर्षांत बऱ्या झाल्या. अभ्यास नवव्या वर्षी आटोपता घेतला असता तर त्या सगळ्या कायमच्या बऱ्या न होणाऱ्यांत मोजल्या गेल्या असत्या.